फोर-एट्टी-सिक्सला निरोप आणि आमची तिथींची यादी



आपल्या या पानावर बहुतेक जण लश्करातल्या जुन्या वाड्यांबद्दल, बाड्यावरच्या संध्याकाळींबद्दल, गणपतीतल्या कार्यक्रमांबद्दल लिहितात. मीही लिहिलंय. आज विषय थोडा वेगळा आहे, संगणकाचा. पण लगेच पान उलटू नका. मी जिवाजी विद्यापीठाचा बी.कॉम., उभी नोकरी बँकेत गेली, तेव्हा मला जे समजलं ते तुम्हालाही समजेल. शिवाय शेवटी तुमच्याकडे एक काम आहे.

पुण्याला नोकरी करणारा माझा नातू, मुलीचा मुलगा, २०२५च्या उन्हाळ्यात सुट्टीला आला होता. जेवताना म्हणाला, "आबा, तुमच्या मंडळाच्या फोर-एट्टी-सिक्सचं नाव लिनक्समधून काढून टाकायचं चाललंय." मी म्हटलं, "म्हणजे रे काय? आमच्या मशीनने काय घोडं मारलंय त्यांचं?" मग त्याने जे सांगितलं ते दोन-तीन दिवस पुरलं. ते आधी तुम्हाला माझ्या भाषेत सांगतो.

संगणकात अनेक कार्यक्रम चालतात. पत्र लिहायचा एक, हिशेबाचा एक, फोटो बघायचा एक. पण यातल्या कुणालाही मेमरीला किंवा डिस्कला थेट हात लावायची मुभा नसते. सगळ्यांच्या खाली एक मूळ कार्यक्रम असतो, त्याला कर्नल म्हणतात. बँकेत ग्राहक काउंटरवर येतो, स्ट्राँगरूममध्ये जात नाही. किल्ल्या ठरावीक लोकांकडे असतात. कर्नल म्हणजे तो किल्लीवाला. लिनक्स हे अशाच एका कर्नलचं नाव. लिनस तोरवाल्ड्स नावाच्या हेलसिंकीच्या विद्यार्थ्याने १९९१ साली घरच्या संगणकावर ते लिहायला घेतलं आणि सगळ्यांना मोफत खुलं केलं. आज आपल्या हातातल्या अँड्रॉइड फोनच्या तळाशी तेच आहे.

तोरवाल्ड्सचा तो घरचा संगणक ३८६ चिपचा होता. इंटेलने ही चिप १९८५ मध्ये आणली, ४८६ आली १९८९ मध्ये. पुढे पेंटियम वगैरे आल्या, पण लिनक्स जुन्यांनाही सांभाळत राहिलं. या सांभाळण्याचा खर्च काय असतो, ते दोन उदाहरणांनी सांगतो.

पहिलं उदाहरण. मेमरीतल्या एखाद्या पानावर 'इथे लिहू नये' असा शिक्का मारता येतो. ३८६ चिप हा शिक्का साध्या कार्यक्रमांना दाखवून अडवायची, पण खुद्द कर्नलला अडवायची नाही. क्लार्कला खोडाखोड करू देत नाही, पण मॅनेजरसाहेबांना कोण अडवणार, तसं. त्यामुळे कर्नलला प्रत्येक वेळी लिहिण्यापूर्वी स्वतःच तपासावं लागायचं. ४८६ मध्ये ही सोय चिपमध्येच आली. पण ३८६ सांभाळायची म्हणून ती जादा तपासणी कर्नलमध्ये तशीच लिहिलेली राहिली.

दुसरं उदाहरण बँकवाल्यांना लगेच कळेल. एकाच खात्यातून दोन काउंटरवर एकाच वेळी पैसे काढायला माणसं आली. खात्यात ५०० रुपये. दोघांनी शिल्लक बघितली, दोघांना ५०० दिसले, दोघांनी दिले. झाला घोटाळा! यावर उपाय म्हणजे शिल्लक बघणं आणि बदलणं ही दोन कामं मध्ये कुणाला शिरू न देता एका दमात करणं. नव्या चिपना यासाठी एकच आज्ञा आहे. ३८६ ला ती नव्हती. ४८६ ला होती, पण चार बाइटच्या आकड्यापुरती. आठ बाइटसाठी लागणारी पेंटियमपासून आली. जिथे ही आज्ञा नाही, तिथे कर्नलला सगळं कामकाज क्षणभर थांबवून हातानेच तो व्यवहार करावा लागतो. शिवाय ४८६ च्या स्वस्त प्रकारात अपूर्णांकांचं गणित करणारा भागच नव्हता. ते गणितही कर्नलने आकडेमोड करून भागवायचं.

मग २०१२ च्या डिसेंबरात ३८६ चा आधार काढला. इंगो मोल्नार नावाच्या तज्ज्ञाने ते काम केलं. काढलेल्या ओळी साधारण चारशे. १९९१ च्या सुरुवातीचं मूळ ३८६ मशीन आता नव्या लिनक्सवर चालू होणार नाही, असं त्यांनी जरा हळहळत लिहिलं. तोरवाल्ड्सनी मात्र आपल्याला त्याचं दुःख नाही, असं स्वच्छ सांगितलं. ज्या चिपवर स्वतःचं पहिलं काम उभं केलं, तिलाच! २०२५ मध्ये त्याच मोल्नारनी ४८६ चा आधार काढायचा प्रस्ताव मांडला, गणिताची ती नक्कल धरून चौदा हजारांहून अधिक ओळींचा. तोरवाल्ड्सचं म्हणणं असं की आता यावर कुणी एक सेकंदही घालवायचं कारण उरलेलं नाही.

हे ऐकून मी जरा गप्प झालो. माझं बँकेतलं सगळं तारुण्य या चिपांच्या आगेमागेच गेलं.

आमच्याकडे संगणक आला तो युनियनशी करार होऊन. १९८३ मध्ये बँक व्यवस्थापन आणि संघटना यांच्यात पहिला मोठा करार झाला, १९८४ मध्ये डॉ. रंगराजन समितीचा अहवाल आला आणि शाखांमध्ये लेजर पोस्टिंग मशीन बसू लागल्या. नोकऱ्या जातील म्हणून केवढा विरोध होता! मशीनसाठी वेगळी खोली, तिला एअरकंडिशनर, आणि आत जाताना चपला बाहेर. मे महिन्याच्या ग्वाल्हेरच्या उन्हाळ्यात आम्ही घामाने भिजलेले आणि मशीन गारव्यात. आमचे एक हेडकॅशियर म्हणायचे, "पुढच्या जन्मी लेजर मशीनच व्हायचं."

सुरुवातीचे काही महिने दोन्ही चालायचं, मशीनही आणि हाताचं लेजरही. त्याला आम्ही समांतर काम म्हणायचो. संध्याकाळी दोन्हीचे बॅलन्स जुळल्याशिवाय घरी जायचं नाही. सगळ्यात जास्त थकवणारा काळ तोच. नुसती जुनी पद्धत सोपी होती, नुसती नवी त्याहून सोपी झाली. पण दोन्ही एकदम सांभाळणं म्हणजे दुप्पट नाही, चौपट काम. पुढे दक्षता आयोगाने बँकांना १ जानेवारी २००१ पर्यंत ७० टक्के व्यवसाय संगणकावर आणा म्हणून सांगितलं, मग कोअर बँकिंग आलं, आणि ती मशीनं भंगारात गेली. सगळे नियमही बदलत गेले. बचत खात्यावरचं व्याज पूर्वी महिन्याच्या १० तारखेपासून अखेरपर्यंतच्या किमान शिल्लकेवर मिळायचं, १ एप्रिल २०१० पासून ते रोजच्या शिल्लकेवर मिळू लागलं. पंचवीस पैशांचं नाणं ३० जून २०११ पासून चलनातून गेलं. जुना नियम नव्याच्या शेजारी कायमचा ठेवत गेलो असतो तर आज काउंटरवर कुणाला काही सुधरलं नसतं.

आपल्या ग्वाल्हेरकरांना याहून जवळचं उदाहरण आहे छोट्या रेल्वेचं. माधवराव महाराजांच्या काळातली दोन फुटी रुळांची ती गाडी, ग्वाल्हेरहून सबलगढ, श्योपूरपर्यंत जवळजवळ दोनशे किलोमीटर. लहानपणी मामाकडे सबलगढला जाताना तिच्यात बसलोय. टपावर माणसं, खिडकीतून येणाऱ्या बाभळीच्या फांद्या, सगळं आठवतं. पण ती चालवायला वेगळे रूळ, वेगळे डबे, वेगळी इंजिनं, त्यांचे सुटे भाग आणि ते दुरुस्त करणारे हात लागायचे. इथला माल मोठ्या गाडीत चढवायचा तर गोणी न् गोणी उचलून ठेवायची. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीत गाडी थांबली ती थांबलीच, आणि रूळ मोठे करायचं काम सुरू झालं. मन हळहळलं. पण सबलगढच्या ज्या माणसाला आजारी बापाला घेऊन ग्वाल्हेरला यायचंय, त्याला माझ्या आठवणी काय कामाच्या? त्याला मोठी गाडीच हवी.

म्हणजे जुनं ते काढूनच टाकावं का? मी नातवाला हेच विचारलं. त्याने सांगितलं ते मला फार पटलं. लिनक्समध्ये मोटोरोलाच्या ६८००० घराण्यातल्या चिपांचा आधार अजून आहे. हे घराणं १९७९ चं, म्हणजे ३८६ च्याही आधीचं. उलट इटॅनियम नावाची चिप २००१ साली मोठ्या थाटामाटात आली, आणि तिचा आधार जानेवारी २०२४ च्या ६.७ आवृत्तीतून काढला गेला. असं का? तर जुन्या मोटोरोलाची काळजी घेणारी माणसं आहेत. ती मशीनं चालू ठेवतात, नव्या आवृत्त्या तपासतात, काही मोडलं तर स्वतः दुरुस्त करतात. इटॅनियमला तसा वाली उरला नाही. तेव्हा वयाचा प्रश्न नाही, वालीचा आहे. वस्तू किती जुनी आहे हे विचारायचं नाही, तिची जबाबदारी कोण घेतो ते विचारायचं.

आणखी एक गोष्ट त्याने सांगितली. तोरवाल्ड्सचा एक नियम अगदी कडक आहे. कर्नलच्या आत काय वाटेल तो बदल करा, पण त्यावर चालणारे लोकांचे कार्यक्रम मोडता कामा नयेत. लोकांना दिलेला शब्द पाळायचा, आतली व्यवस्था बदलायला मोकळीक.

आता आमच्या मंडळाच्या मशीनकडे येतो.

१९९५ मध्ये मंडळाला एका देणगीदाराने ४८६ संगणक दिला, त्यात पुण्याच्या सी-डॅकचं जिस्ट कार्ड बसवलेलं. हे कार्ड काय होतं ते आजच्या मुलांना सांगून खरं वाटत नाही. तेव्हाच्या संगणकाला देवनागरी येतच नसे. हे कार्ड आत बसवलं की पडद्यावर मराठी दिसायची, कीबोर्डवरून मराठी उमटायची. नावं साठवली जायची इस्की नावाच्या भारतीय संकेतात. कार्ड काढलं तर त्याच फाइलमध्ये नुसती वेडीवाकडी चिन्हं दिसत. म्हणजे आपलंच नाव वाचायला ते कार्ड हवं, आणि कार्ड बसायची ती लांबट खाच नव्या संगणकात केव्हाच बंद झाली आहे.

त्या मशीनमध्ये आहे मंडळाची कायम ठेव. आई-वडिलांच्या, सासू-सासऱ्यांच्या, कुणा अकाली गेलेल्या लेकराच्या नावाने लोकांनी ५०१ रुपये दिले. मूळ रक्कम बँकेत ठेवायची आणि व्याजातून दरवर्षी त्या तिथीला मंदिरात नैवेद्य करायचा, नाव वाचायचं. हा शब्द मंडळाने पावतीवर छापून दिलाय. देणारे बरेचसे आता नाहीत. मुलं पुणे, इंदूर, बंगळूर, न्यू जर्सीला. नाव वाचताना ऐकायला अनेकदा पुजारी आणि आम्ही दोघं-तिघंच असतो.

कार्यकारिणीच्या बैठकीत दोन तट पडले. तरुण म्हणाले, "काका, हा डबा कधी बंद पडेल सांगता येत नाही. आणि ५०१ रुपयांच्या व्याजात आता नैवेद्य होतो का?" खरंच होत नाही. तेव्हा व्याज शेकडा १२ च्या घरात होतं, वर्षाला साठ रुपये. आज साडेसहा धरलं तर साडेबत्तीस. तेवढ्यात केळीसुद्धा मोजूनच येतील. म्हातारे म्हणाले, "मशीनला हात लावायचा नाही, आहे तसं चालू द्या." मी दोघांचं ऐकत होतो, आणि मला दिसत होतं की दोन्ही बाजू मशीन आणि शब्द यांची एकच मोट बांधतायत. एकाला मशीनबरोबर शब्दही टाकायचा होता, दुसऱ्याला शब्दासाठी मशीनही धरून ठेवायचं होतं.

मी तीन गोष्टी मांडल्या. मशीन जाईल. यादी जाणार नाही. आणि काढण्यापूर्वी त्यातली प्रत्येक ओळ कशासाठी आहे ते वाचलं जाईल.

नातवाने जुनी डिस्क काढून एका जोडणीने लॅपटॉपला लावली. सुदैवाने ती चालली. इस्कीतली नावं आजच्या युनिकोडमध्ये आणायचा छोटा कार्यक्रम त्याने एका संध्याकाळी लिहिला. युनिकोडमधली देवनागरीची मांडणी इस्कीवरूनच घेतलेली आहे, त्यामुळे ते फार अवघड गेलं नाही. अवघड होतं तपासणं. त्याला तीन आठवडे लागले. पावत्यांची स्थळप्रत एका हातात आणि छापील यादी दुसऱ्या हातात. शहाऐंशी वर्षांच्या आमच्या एका काकूंनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "वऱ्हाडपांडे असं नाही लिहिलेलं, बघ." बघतो तर 'ऱ्ह' असलेलं प्रत्येक आडनाव बिघडलेलं. तो नियम कार्यक्रमात घातला, मग गोऱ्हेही सुधारले आणि कऱ्हाडकरही.

आणि मग सापडली खरी गोम. जुन्या कार्यक्रमात तिथींच्या तक्त्याशेजारी एक ओळ होती: महिने अमान्त. तरुण म्हणाले, "ही काढू, हिचं काही काम दिसत नाही." काकूंनी कपाळावर हात मारला. अहो, आपण मराठी माणसं महिना अमावास्येला संपवतो आणि इथले लोक पौर्णिमेला. आपली श्रावण वद्य पंचमी म्हणजे इथल्या पंचांगातली भादों कृष्ण पंचमी. मंदिरातले पुजारी आता इथलेच आहेत, त्यांच्या हातात इथलं पंचांग. ती ओळ गेली असती तर वद्य पक्षातलं प्रत्येक श्राद्धाचं नाव एक महिना आधी वाचलं गेलं असतं, आणि चूक कुणाच्या लक्षातही आली नसती. आता नव्या यादीत प्रत्येक वद्य तिथीपुढे दोन्ही महिने लिहिले आहेत.

आमच्या घरी आजोबांच्या ट्रंकेत मोडीतली कागदपत्रं आहेत. कागद धड आहेत, शाई शाबूत आहे, पण घरात वाचणारा एकही नाही. मोडी व्यवहारातून गेली याचं मला फार वाटत नाही. देवनागरी सर्वांना सोपी पडली. वाटतं ते याचं की जाताना तिच्यातलं काय उतरवून घ्यायचं, ते आमच्या घरात कुणी बसून ठरवलं नाही.

बँकेत याची चांगली पद्धत आहे, पण लोकांना माहीत नसते. दहा वर्षं कुणी हात न लावलेल्या खात्यातले पैसे रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण आणि जागरूकता निधीत जातात. २०१४ पासून ही योजना आहे. शाखेच्या रोजच्या वहीतला भार हलका होतो, पण हक्क बुडत नाही. वारस कधीही आला, कागद दाखवले, की बँकेने पैसे द्यायचेच. २०२३ पासून 'उद्गम' या संकेतस्थळावर नाव घालून शोधताही येतं. लिनक्सचंही तसंच आहे. काढलेल्या ओळी नष्ट होत नाहीत. जुन्या सगळ्या आवृत्त्या जपून ठेवलेल्या आहेत. ज्याच्याकडे ४८६ आहे त्याने जुनी आवृत्ती खुशाल चालवावी. फक्त पुढच्या दुरुस्त्या त्याच्यासाठी थांबणार नाहीत.

बैठकीत शेवटी असं ठरलं. नाव त्या-त्या तिथीलाच वाचायचं, एकही दिवस चुकवायचा नाही. नैवेद्य मात्र रोजचा घरचा पुरणावरणाचा नाही, त्या दिवशी दूध-साखर. महिन्यातून एकदा त्या महिन्यातल्या सगळ्या नावांचा मिळून पूर्ण नैवेद्य. यादीच्या तीन प्रती, त्यातली एक जाड कागदावर छापून मंदिराच्या कपाटात. मशीन एका विद्यार्थ्याने हौसेने मागून नेलं. चालू ठेवीन म्हणाला. म्हणजे तिलाही वाली मिळाला.

एका गृहस्थांना दूध-साखर काही पटलेलं नाही. त्यांच्या वडिलांच्या पावतीवर 'नैवेद्य' असं छापलंय, दूध-साखर नाही, हे त्यांचं म्हणणं. त्यांना मी खोडून काढू शकलो नाही. ते स्वतः त्या दिवशी घरून ताट आणतात. मला वाटतं ते बरोबरच करतात.

आता तुमच्याकडचं काम. लिनक्सवाले काही काढण्याआधी जाहीर विचारतात, अजून कुणी वापरतंय का? वेळ देतात. कुणी हात वर केला आणि जबाबदारी घेतली तर ठेवतात. आम्हीही विचारतोय. यादीत काही नावं अशी आहेत की ज्यांच्या घरचं आता कुणी सापडत नाही. तुमच्या घरात १९९५ नंतरची ग्वाल्हेरच्या मंडळाची कायम ठेवीची पावती असेल, तर ती शोधा, तिथी बघा, आणि मंडळात कुणाच्या तरी कानावर घाला. पैसे मागत नाही. त्या दिवशी जमलं तर या, नाही जमलं तर फोनवरून नाव ऐका. तुम्ही आलात किंवा नाही आलात, तरी नाव वाचलं जाईल. पण ऐकणारं घरचं कुणी असलं तर बरं वाटतं.

— एक निवृत्त बँकवाला, लश्कर, ग्वाल्हेर